एकट्याने राहायचं ठरवणारी माणसं का वाढताहेत, आणि ते निभावायला नेमकं काय लागतं?

नोंदवही
साठी-सत्तरीतली, एकट्याने राहणारी माणसं आता प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक आळीत दिसतात. 'लासी' या देशव्यापी पाहणीत (२०१७-१८) साठीपुढच्या शंभरांत जवळपास सहा जण एकटे राहत असल्याचं दिसलं, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. यातल्या सगळ्यांनाच काही मुलांनी वाऱ्यावर सोडलेलं नाही. मुलगा त्याच शहरात राहतो, सून चांगली आहे, येणंजाणं आहे, तरी आई म्हणते, 'मी माझ्या घरीच बरी.' लग्न न केलेले, घटस्फोट झालेले, जोडीदार गेलेले पन्नाशीतले लोकही भावाबहिणीकडे न जाता वेगळे राहतात.

माझं मत असं की माणसांची मनं बदलली त्यापेक्षा हे जमण्यासारखं झालं, हे मोठं कारण आहे. नावावरचं घर, पेन्शन किंवा ठेवींचं व्याज, गॅस, फोन, घरपोच औषधं. १९६० साली नवरा गेलेल्या बाईकडे यातलं काय होतं? तिला विचारायची वेळच यायची नाही.

तर दोन प्रश्न. तुम्हाला कोणती कारणं दिसतात? आणि ज्यांना घरदुरुस्ती, दवाखाना, कागदपत्रं अशा कामांची माहिती आहे त्यांनी सांगावं, एकट्याने नीट राहायला काय काय लागतं? 'काळजी घ्यावी' एवढंच नको, नेमकं लिहा.

सदानंदी
कारण एकच. घरं मोडली. नातवंडांना गोष्टी सांगायच्या वयात माणूस कुलूप लावून आत बसतो, याला निवड म्हणणं मला पटत नाही.

मोगरी
सदानंदी, एकत्र घराचं कौतुक करताना ते कोणाच्या कष्टावर चालायचं तेही बघा. सत्तरीतल्या बाईला मुलाकडे गेल्यावर नातवंडांचे डबे, शाळेच्या बसची वाट बघणं, कामवाली आली नाही की भांडी, हे सगळं परत सुरू होतं. चाळीस वर्षं इतरांच्या वेळा सांभाळलेल्या बाईला सकाळी सहाला उठायचं की आठला, हे स्वतः ठरवावंसं वाटलं तर त्यात घर कुठे मोडलं?

दुसरं म्हणजे बायका जास्त जगतात आणि नवऱ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतात. त्यामुळे शेवटची काही वर्षं एकटीने काढायची हे बहुतेकींच्या वाट्याला येणारच आहे. ती कुठे काढायची एवढाच प्रश्न उरतो.

कडीकोयंडा
कारणांवर इतरांनी बोलावं. मी दारं, कड्या आणि बाथरूम यांच्याबद्दल लिहितो, कारण बांधकामाच्या दुरुस्तीत रोज तेच बघतो.

पहिलं, मुख्य दार. एकटा माणूस रात्री लॅच लावतो, वरची कडी लावतो, साखळी लावतो, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असतं त्यालाही आतून कडी. शेजाऱ्याकडे किल्ली दिलेली असते, पण आतून दोन कड्या असल्यावर त्या किल्लीचा उपयोग शून्य. पडलेल्या माणसापर्यंत पोचायला सुतार बोलवावा लागतो, त्यात तास जातो. दोन्ही दारांना बाहेरून किल्लीने उघडणारं चांगलं कुलूप बसवा आणि आतल्या कड्या काढूनच टाका. नुसतं 'लावू नका' सांगून चालत नाही, सवयीने हात जातोच. आणखी एक बारीक गोष्ट: बऱ्याच सिलिंडर कुलपांत आतल्या बाजूने किल्ली अडकवून ठेवली की बाहेरची किल्ली फिरत नाही. आतून फिरवायला मूठ असलेलं कुलूप घ्या, म्हणजे आत किल्ली लावायचं कारणच उरत नाही. घेताना दुकानदाराकडून आतली मूठ आणि बाहेरची किल्ली दोन्ही फिरवून बघा.

दुसरं, बाथरूमचं दार. आपल्याकडे ते जवळजवळ सगळीकडे आत उघडतं. माणूस दारामागे पडला की त्याच्या अंगानेच दार अडतं. बिजागऱ्या उलट्या लावून दार बाहेर उघडणारं करा. पीव्हीसीचं दार आणि चौकट असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. लाकडी चौकटीला खाच असते, ती पट्टी मारून बुजवून उलट बाजूला नवी करावी लागते. आतली कडी काढा आणि बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खिट्टी बसवा.

परिचारिका_ठाणे
कडीकोयंडा, +१. यामागचं वैद्यकीय कारणही सांगते. खुब्याचं हाड मोडणं वाईटच, पण पडल्यावर बारा-पंधरा तास फरशीवर पडून राहणं त्याहून वाईट ठरू शकतं. एकाच बाजूवर भार पडून स्नायू मरायला लागतात, त्यांतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडं बिघडवतात. पाणी न मिळाल्याने ते आणखी वाढतं, पाठीवर आणि टाचांवर जखमा होतात. म्हणून 'पडू नये' याच्याइतकंच 'पडल्याचं कोणाला किती वेळात कळेल' हे महत्त्वाचं आहे.

मोबाइल टेबलावर ठेवून बाथरूमला जाऊ नका. गळ्यात अडकवायची पिशवी वीस-तीस रुपयांत मिळते. पडल्याचं ओळखून ठरलेल्या माणसाला फोन लावणारी घड्याळं चांगली आहेत, पण रोज किंवा एक दिवसाआड चार्ज करावी लागतात, आणि बरेच जण ती नेमकी अंघोळीच्या वेळी काढून ठेवतात. पाण्यात चालणारी असेल तर अंघोळीला घालूनच जा, चार्जिंग जेवताना करा.

रातराणी
रोज सकाळी ग्रुपवर 'सुप्रभात' टाकलं की कळतंच ना सगळ्यांना? वेगळी व्यवस्था कशाला?

परिचारिका_ठाणे
नाही कळत, रातराणी. चाळीस जणांच्या ग्रुपवर एकीचा निरोप आला नाही तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने विचारलं असेल. एकाच माणसाशी ठरवा. सकाळी आठपर्यंत मिस्ड कॉल. आला नाही तर साडेआठला त्याने फोन करायचा, दहा मिनिटांनी परत. उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्याला फोन. शेजारी घरी नसेल तर दुसरी किल्ली कोणाकडे आहे तेही लिहून ठेवलेलं असावं. 'काय करायचं' हे आधी ठरलेलं नसेल तर लोक संकोचाने दुपारपर्यंत थांबतात. 'झोपली असेल, कशाला उठवा' यातच वेळ जातो. आणि गावाला जाताना त्या माणसाला सांगून जायचं. दोनदा फुकट धावपळ झाली की तिसऱ्यांदा कोणी धावत नाही.

सदानंदी
हे सगळं वाचून माझाच मुद्दा पक्का होतो. घरात दुसरं माणूस असतं तर यातलं काही लागलं नसतं.

मोगरी
घरात दुसरं माणूस असतं म्हणजे काय? मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात, रात्री आठला येतात. नातू शाळा, मग क्लास. ते बारा तास म्हातारा माणूस एकटाच असतो, फक्त परक्या स्वयंपाकघरात. दाराची कडी आणि बाथरूमचा दांडा त्यालाही तितकाच लागतो.

सदानंदी
हा मुद्दा मान्य. पण रात्री आठला कोणीतरी येतं, हा फरक लहान नाही.

तळकोकण
सगळी चर्चा फ्लॅटवाल्यांची चालली आहे. कोकणात वाड्यांमध्ये एकटी म्हातारी बाई ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. मुलगे मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार, मधे ती, गोठा आणि परसू. तिथे निवड की नाइलाज हा प्रश्न कोणी विचारला नाही. बदल एवढाच की पूर्वी वाडीत दहा घरं उघडी असत, आता तीन असतात.

तिथली तयारी मे महिन्यात होते. कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, आणि परतणारा माणूस आता सहज मिळत नाही म्हणून एप्रिलमध्येच सांगून ठेवायचं. फाटी (जळणाची लाकडं) माळ्यावर किंवा पडवीत चढवायची, कारण पावसात गॅसची गाडी आत वाडीत यायला वेळ लागतो. दोन सिलिंडर असतील तर दुसरा भरलेला हवा. वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा मोबाइलची पॉवर बँक भरलेली, आणि साधा बटणांचा फोन वेगळा, त्याची बॅटरी चार-पाच दिवस टिकते. रात्री न्हाणीघर बाहेर असेल तर बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय नाही, पावसाळ्यात फुरसं (छोटा विषारी साप) पायरीवरच बसलेलं असतं. चावलंच तर घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, पाय न हलवता १०८ ला फोन. सापाच्या विषावरची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात ठेवलेली असते ते जूनच्या आधी विचारून भिंतीवर लिहून ठेवावं.

राइन_काठचा
जर्मनीतलं सांगतो. इथे एकूण घरांपैकी सुमारे ४१ टक्के घरांत एकच माणूस राहतो, त्यामुळे याचं कोणाला नवल नाही. 'हाउसनोटरुफ' नावाची सोय आहे: गळ्यात किंवा मनगटावर बटण, घरात एक यंत्र. बटण दाबलं की केंद्रातला माणूस त्या यंत्रातून बोलतो आणि गरज असेल तसा किल्ली असलेल्या नातेवाइकाला, केंद्राच्याच माणसाला किंवा रुग्णवाहिकेला पाठवतो. काळजीची गरज अधिकृतपणे ठरलेली असेल तर शुश्रूषा विम्यातून महिन्याला २५.५० युरो मिळतात, साध्या सेवेचा खर्च तेवढ्यात भागतो. गंमत म्हणजे इथेही सगळं शेवटी किल्लीपाशीच येऊन अडतं. केंद्राकडे किल्ली जमा करायची की शेजाऱ्याकडे, यावर इथले आजी-आजोबा तितकाच वाद घालतात.

नोंदवही
छान माहिती येते आहे. कडीकोयंडा, बाथरूमच्या दांड्यांबद्दल लिहायचं राहिलं तुमचं.

कडीकोयंडा
हो. ग्रॅब बार ३०४ स्टेनलेस स्टीलचा, मुठीत मावेल असा ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा. भिंतीपासून साधारण ४ सेंटिमीटर अंतर. त्याहून जास्त असेल तर पडताना हात आत घुसून अडकतो. कमोडच्या बाजूला एक, आणि अंघोळीच्या जागी एक, जमिनीपासून ८० ते ८५ सेंटिमीटरवर. पण माणसाला उभं करून, हात सहज जाईल तिथे खूण करा, पुस्तकी मापापेक्षा ते बरं. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे अजिबात नकोत. टाइलला ओल धरली की सुटतात, आणि नेमके भार पडल्यावर सुटतात. टॉवेल रॉडला धरून उठणं हेही तसंच.

आता खरी अडचण. जुन्या इमारतीत विटांची भिंत असते, तिथे १० मिलिमीटरचा फास्टनर (भोकात पसरून घट्ट बसणारा बोल्ट) टाइलच्या मागे विटेत खोल बसवला की काम होतं. नव्या इमारतीत हलके सिपोरेक्स ब्लॉक असतात. त्यात साधा फास्टनर पहिले दोन महिने घट्ट वाटतो, मग भोक मोठं होतं आणि दांडा हलायला लागतो. तिथे केमिकल अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणारं रसायन) भरा, किंवा भिंतीच्या पलीकडे पोचता येत असेल तर आरपार बोल्ट घालून मागे पट्टी द्या. भोक पाडताना टाइल फुटू नये म्हणून आधी ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने, टाइल पार झाली की मग हॅमर. टाइल वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. बसवून झाल्यावर मिस्त्रीला त्याच्या पूर्ण वजनाने ओढायला लावा, आणि मगच पैसे द्या.

मुगाची_उसळ
खाण्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? एकटं राहणाऱ्यांचं खरं नुकसान तिथे होतं. 'एकटीसाठी काय करायचं' म्हणून चहा-टोस्ट, दूध-पोळी, खिचडी, परत खिचडी. पोट भरतं, पण प्रथिनं अर्धीही जात नाहीत. मग मांड्यांतली ताकद जाते, आणि ती गेली की खुर्चीतून उठताना तोल जातो. वर जे पडण्याचं चाललंय त्याची सुरुवात अशी ताटात होते.

निरोगी ज्येष्ठाला किलोमागे रोज एक ग्रॅम तरी प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). पन्नास किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. पाव वाटी कोरड्या डाळीतून साधारण दहा-बारा, एका अंड्यातून सहा, मोठ्या पेल्याभर दुधातून सात-आठ, बाकी पोळी-भाकरीतून. म्हणजे दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ हवीच.

दीड-दोन लिटरचा छोटा कुकर घ्या, पाच लिटरच्यात वाटीभर वरण लावायचा कंटाळा येतो आणि तिथूनच खिचडी सुरू होते. मूग-मटकी एकदम दोन वाट्या भिजवा, मोड आणून तीन डब्यांत घाला, एक फ्रिजमध्ये, दोन बर्फाच्या कप्प्यात. डाळ साधी शिजवून ठेवा, फोडणी रोज ताजी द्या. रोज तेच खाल्ल्यासारखं वाटत नाही. पीठ किलोभरच दळून आणा, जास्त आणलं की जाळी धरते. डबा लावला असेल तर तीन पोळ्या आणि भाजी घ्या, वरण घरी करा. डब्यातलं वरण पातळ असतं, त्यात डाळ शोधावी लागते.

रातराणी
उसळताई, तुमच्या नावाचं सार्थक केलंत! छोटा कुकर आजच बघते.

वटमुखत्यार
कागदपत्रांकडे येऊ या. एकट्या माणसाला वाटतं 'माझ्या मागे भाच्यालाच मिळणार', आणि तो काही लिहीत नाही. कायदा वेगळं म्हणतो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील, भाऊबहीण त्यानंतर. तीस वर्षं नोकरी करून घेतलेला फ्लॅट, ज्या दिरांनी कधी विचारपूस केली नाही त्यांच्याकडे जाऊ शकतो. (आईवडिलांकडून आलेली मालमत्ता मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जाते.) मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार हवेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार आपल्याहून तरुण बघा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा सोसायटी त्याच्याकडे सोपवते, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, ठेवींसाठी वाटेही ठरवता येतात.

संयुक्त खातं उघडताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' यांत गल्लत होते. पहिल्यात पुतण्या आजच सगळे पैसे काढू शकतो. दुसऱ्यात तुम्ही असेपर्यंत व्यवहार तुमचाच, पण तुम्ही अतिदक्षता विभागात असाल तेव्हा त्यालाही हात लावता येत नाही. म्हणून दोन खाती ठेवा: मोठ्या ठेवी 'फॉर्मर'मध्ये, आणि तीन-चार महिन्यांचा खर्च व दवाखान्याचं डिपॉझिट निघेल एवढं 'आयदर'मध्ये, विश्वासाच्या माणसाबरोबर.

शेवटचं, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी). लोक ते करून निर्धास्त होतात. पण आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी उपयोगाचं नाही. ते आजारी पण शुद्धीवर असलेल्या माणसासाठी आहे.

रातराणी
मग दवाखान्यात सही कोण करणार? लग्न न केलेल्या बायकांना हीच भीती असते.

परिचारिका_ठाणे
तुम्ही शुद्धीवर असाल तर संमतीची सही तुमचीच, कायद्याने तीच लागते. दवाखाने नातेवाईक मागतात ते मुख्यतः पैशांची जबाबदारी आणि जवळ थांबणारं माणूस म्हणून. ते माणूस रक्ताचंच हवं असं नाही. बेशुद्ध रुग्णाचा जीव धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी अडून बसत नाहीत, आणि अपघातग्रस्ताला आधी उपचार द्यायचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, एक कागद चिकटवा: नाव, वय, आजार, चालू औषधं मात्रेसकट, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा आणि दोन माणसांचा फोन, विमा पॉलिसीचा क्रमांक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल शाईने, सगळ्यांत वर. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्ड काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं.

वटमुखत्यार
यात भर. अखेरच्या अवस्थेत व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. २०२३ पासून सोपं झालं आहे: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. त्यात निर्णय घेणाऱ्यांची नावं देता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेने किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

सदानंदी
देहदानाचा फॉर्म भरला की आपल्यामागे देहाचं कोण करणार ही काळजी मिटते का?

वटमुखत्यार
नाही, काका. फॉर्म म्हणजे इच्छा. प्रत्यक्षात जवळच्या माणसाने वेळेत कळवून, कागद करून देह सोपवावा लागतो. म्हणून ज्याच्यावर ते सोपवायचं त्याला फॉर्म दाखवून ठेवा, आणि इतर नातेवाइकांनाही आधीच सांगा, ऐनवेळी एकाने विरोध केला तरी महाविद्यालयं मागे सरतात.

नोंदवही
मूळ प्रश्नाकडे परत येते. इतकं वाचल्यावर माझ्या पहिल्या म्हणण्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. 'जमण्यासारखं झालं' हे ज्यांच्याकडे घर आणि महिन्याची रक्कम आहे त्यांच्यापुरतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळणारी बाई एकटी राहते तेव्हा तिच्यापुढे हे पर्याय नसतात. ग्रॅब बारचा खर्चही तिला झेपत नाही. तिच्यासाठी काय करता येईल?

तळकोकण
तिच्यासाठी दांडा भावकीतल्या मुलांनी गणपतीच्या सुट्टीत लावून द्यावा. एका दिवसाचं काम आहे. मंडळ मखरावर खर्च करतंच. आणि अर्ज, हयातीचा दाखला, बँकेचं केवायसी हे वर्षातून एकदा तिला दुचाकीवर बसवून तालुक्याला नेऊन करून द्यावं. केवायसी राहिलं म्हणून अनुदान अडलेल्या बाया बऱ्याच आहेत.

मोगरी
शहरात हे ज्येष्ठ नागरिक संघ करू शकतात. पोलिस ठाण्यात एकट्या ज्येष्ठांची नोंद करता येते, तीही संघाने एकगठ्ठा करून द्यावी. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत क्रमांक आहे. पेन्शन आणि कायदेशीर अडचणीतही ते मार्ग सांगतात.

सदानंदी
आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत अशी पाच घरं आहेत. कडीकोयंडा, भिंत सिपोरेक्सची आहे की विटांची, हे भोक न पाडता कसं ओळखायचं?

कडीकोयंडा
स्विचबोर्डाचं झाकण काढा (मेन बंद करून) आणि खोबणीच्या कडेला बघा. करडं-पांढरं, नखाने खरवडलं तर भुगा पडतो, ते सिपोरेक्स. लालसर असेल तर वीट. करडं पण दगडासारखं घट्ट असेल तर काँक्रीट, तिथे साधा फास्टनर उत्तम बसतो. बाथरूमच्या शेजारच्या खोलीचा बोर्ड बघा, भिंत तीच असते. पाचही घरांचं एकदम करून घ्या, केमिकल अँकरची नळी एकदा उघडली की पुढच्या दिवसापर्यंत तोंडाशी घट्ट होते.